मतांच्या आधीची बातमी

(एका गावातील वाचनालयाच्या स्मृती व्याख्यानमालेत दिलेल्या व्याख्यानाचा मुद्रित मजकूर)



ज्यांच्या स्मरणार्थ आपण इथं जमलो आहोत त्या गुरुजींनी पुस्तक लिहिलं नाही, निवडणूक लढवली नाही, कुठल्या चळवळीच्या इतिहासात त्यांचं नाव सापडणार नाही. दुपारच्या एसटीनं आलेला ‘सकाळ’ संध्याकाळी मारुतीच्या पारावर मोठ्यानं वाचून दाखवायचा, हे काम मात्र त्यांनी नोकरीत असेपर्यंत आणि त्यानंतरही केलं. माझ्या वयाच्या माणसांनी सुवेझ, काँगो, व्हिएतनाम ही नावं पहिल्यांदा ऐकली ती त्यांच्या आवाजात. म्हणून आजचा विषय मी असा निवडला: लहानपणी कानावर पडलेल्या जगाच्या बातम्या आणि आज म्हातारपणी आपण ठासून मांडतो ती राजकीय मतं, यांचं एकमेकांशी नातं काय?

माझं म्हणणं आधीच सांगतो. चीन, अमेरिका, रशिया, पाकिस्तान, नेहरू, लष्कर यांच्याविषयी आपल्या पिढीची जी मतं आहेत, ती आपण विचार करून, वाचून, अनुभवातून बनवली असं आपण धरून चालतो. त्यातली बरीचशी तशी बनलेली नाहीत. बातमी आली तेव्हा घरातल्या मोठ्या माणसांचे चेहरे कसे झाले, आई काय पुटपुटली, वडील जेवले की ताटावरून उठले, यावरून ती आपल्यात उतरली. कारणं आपण नंतर शोधली. मत आणि कारण यांचा हा क्रम एकदा ध्यानात आला, की घराघरांत नातवंडांशी होणारी आपली भांडणं वेगळ्या प्रकारे समजतात.

सातारा जिल्ह्यातल्या गावांना जगाची बातमी रेडिओच्या कितीतरी आधी मिळत होती. ती टपालानं यायची, तारेनं यायची, पेन्शनीच्या मनिऑर्डरीनं यायची. आमच्या आजोबांच्या पिढीतली माणसं ‘बसरा’ हा शब्द कोरेगाव-कराड म्हणावं इतक्या सहज उच्चारत. पहिल्या महायुद्धात मेसोपोटेमियात टायग्रिसच्या काठी कूट इथं जी फौज वेढ्यात अडकली आणि एप्रिल 1916 मध्ये उपासमारीनं शरण गेली, ती सहावी पुणे डिव्हिजन होती आणि तिच्यात मराठा पलटणी होत्या. दुसऱ्या महायुद्धात मराठा लाइट इन्फंट्री इटलीत लढली. नाईक यशवंत घाडगे यांना मरणोत्तर व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला तो 1944 च्या इटलीतल्या लढाईबद्दल. या घरांमध्ये जग हा कधी दूरचा विषय नव्हता. ज्या घरातला माणूस परत आला नाही, त्या घरातल्या बाईला इटली नकाशावर दाखवता आली नसती, पण इटलीनं तिचं काय नेलं हे तिला पक्कं ठाऊक होतं. आपल्या भागात लष्कराविषयी जो आदर आहे, त्याला आज कुणी राजकीय रंग देतं तेव्हा मला वाईट वाटतं. तो आदर आजच्या पक्षीय राजकारणाच्या आधीचा आहे. तो तारेच्या कागदातून आलेला आहे.

मग रेडिओ आला. पुण्याचं आकाशवाणी केंद्र 2 ऑक्टोबर 1953 ला सुरू झालं. त्यानंतर तीनच वर्षांत, 1956 साली, युनेस्कोच्या मदतीनं एक प्रयोग झाला, ज्याची आठवण आता फार थोड्यांना आहे. पुणे केंद्राच्या भोवतालच्या 5 जिल्ह्यांतल्या 150 गावांमध्ये ‘रेडिओ शेतकरी मंडळं’ काढली. गावातली वीसेक माणसं आठवड्यातून दोनदा एकत्र बसून कार्यक्रम ऐकत, ऐकून झाल्यावर त्यावर चर्चा करत आणि आपले प्रश्न केंद्राला लिहून कळवत. टाटा समाजविज्ञान संस्थेनं त्या प्रयोगाचा अभ्यास केला. ज्या गावांत मंडळं होती तिथल्या लोकांची माहिती, मंडळं नसलेल्या गावांच्या तुलनेत, स्पष्टपणे वाढलेली दिसली. मला त्यातली माहितीची वाढ तितकी महत्त्वाची वाटत नाही. एकत्र ऐकायचं आणि ऐकल्यावर लगेच बोलायचं, ही सवय मला मोलाची वाटते. आपल्या लहानपणी बातमी एकट्यानं ऐकायची गोष्टच नव्हती. ग्रामपंचायतीच्या रेडिओसमोर किंवा ज्याच्या छपराला एरियलची जाळी ताणलेली असे त्याच्या ओसरीवर माणसं जमत, आणि बातमी संपली की तिचा अर्थ तिथंच ठरे. तो कोण ठरवतो, हे मुलांना न सांगता कळे. पाटील बोलले की बाकीचे गप्प. गुरुजी बोलले की पाटीलही ऐकत.

इथं एक गोष्ट मोकळेपणानं बोलली पाहिजे. त्या ओसरीवर आपल्या आया नव्हत्या. रेडिओ चावडीत होता आणि बायका चावडीवर येत नसत. दलित वस्तीवरचे लोकही नव्हते. असले तर पायरीखाली, कडेला. म्हणजे आपण ज्याला ‘आमच्या पिढीची आठवण’ म्हणतो, ती निम्म्या गावाचीसुद्धा नाही. बायकांपर्यंत बातमी पोचायची ती पाण्यावर, जात्याशी आणि पुढं रेशनच्या रांगेत. त्यांचं राजकारण रांगेत घडलं. 1972 साली मृणाल गोरे आणि अहिल्या रांगणेकर यांनी मुंबईत बायकांचा लाटणे मोर्चा काढला, तेव्हा पुष्कळांना नवल वाटलं की एवढ्या बायका रस्त्यावर कशा आल्या. त्या बायकांना परराष्ट्र धोरणाची भाषणं ऐकायला मिळाली नव्हती, पण गव्हाचा भाव त्यांच्याइतका बारकाईनं दुसऱ्या कुणी पाहिला नव्हता.

आता 1962 कडं येतो, कारण आपल्या पिढीच्या मनावर त्या वर्षाइतका खोल ओरखडा दुसऱ्या कुठल्या वर्षानं काढलेला नाही.

20 ऑक्टोबर 1962 ला चीननं लडाख आणि नेफा (आजचा अरुणाचल प्रदेश) अशा दोन्ही बाजूंनी हल्ला केला. त्याच आठवड्यात, 22 ऑक्टोबरला, अमेरिकेचे अध्यक्ष केनेडी यांनी क्यूबात रशियाची क्षेपणास्त्रं असल्याचं जगाला सांगितलं. अणुयुद्ध होतं की काय, अशी धास्ती अर्ध्या जगाला पडली. न्यूयॉर्कमधल्या किंवा लंडनमधल्या आपल्या वयाच्या माणसाला 1962 च्या ऑक्टोबरबद्दल विचारा, तो क्यूबा सांगेल. आपल्याला विचारलं तर आपण तवांग, सेला, बोमडिला सांगतो. पारावर क्यूबाची बातमी गुरुजींनी वाचली असेलच, ते काही गाळणारे नव्हते. पण ती कुणाच्या मनात राहिली नाही. जगाच्या दृष्टीनं काय मोठं आहे, ते पाहून मुलाचं मन आठवणी साठवत नाही. आईच्या हातातली भाकरी थांबते ती बातमी राहते.

आमच्या घरी ती भाकरी थांबली होती. बोमडिला पडल्यावर नेहरू रेडिओवर बोलले. त्यांच्या शब्दांतलं आम्हा मुलांना काही कळलं नाही. त्या आवाजातला थकवा मात्र कळला. ज्या माणसाच्या फोटोला घरात हार घातला जाई, तो खचून बोलतो आहे, हे मुलांनी त्या दिवशी पहिल्यांदा ऐकलं. मग राष्ट्रीय संरक्षण निधीसाठी सोनं गोळा करणारी मंडळी गावात आली. आईनं कानातल्या बुगड्या काढून दिल्या. तिला कुणी जबरदस्ती केली नव्हती. तिनं त्या दिल्या आणि दारामागं जाऊन रडली, आणि आपण रडतो आहोत हे कुणाला कळू नये म्हणून पदर तोंडाशी धरला. चीनविषयी माझं मत तिथून सुरू होतं. पुढं मी मॅकमहोन रेषेविषयी वाचलं, ‘फॉरवर्ड पॉलिसी’वर वाचलं, लष्कराच्या तयारीतल्या उणिवा, संरक्षणमंत्री कृष्ण मेनन यांचा कारभार, सेनापतींमधले मतभेद, सगळं वाचलं. वाचनानं त्या मताला पुष्कळ फाटे फुटले. मुळाशी अजून त्या बुगड्याच आहेत, आणि ते मान्य केल्याशिवाय चीनवर मला प्रामाणिकपणे बोलता येत नाही.

पण साताऱ्याच्या मुलाला 1962 मध्ये आणखी एक गोष्ट मिळाली, जी नागपूरच्या किंवा लखनौच्या मुलाला मिळाली नाही. मेनन गेले आणि संरक्षणमंत्री म्हणून यशवंतराव चव्हाण दिल्लीला गेले. देवराष्ट्रात जन्मलेला, कराडात वाढलेला माणूस. हिमालयाच्या मदतीला सह्याद्री धावला, हे वाक्य तेव्हा प्रत्येक भाषणात होतं. आणि चव्हाण दिल्लीत पोचले त्याच दिवसांत, 21 नोव्हेंबरला, चीननं एकतर्फी शस्त्रसंधी जाहीर केली. मुलांच्या मनात या दोन गोष्टी एकमेकींना चिकटल्या. आपला माणूस गेला आणि चिनी मागं सरले! आजही सत्तरीतली शहाणी, शिकलेली माणसं बोलताना तो क्रम तसाच लावतात. चीननं थांबण्याचा निर्णय आपल्या कारणांनी घेतला होता. हिवाळा तोंडावर होता, हिमालयातल्या खिंडी बंद होणार होत्या, त्यांना हवं ते बरंचसं मिळालं होतं. चव्हाणांचं खरं काम त्यानंतर सुरू झालं: खचलेलं सैन्य उभं करणं, चौकशी, नव्या डिव्हिजन, पहाडी लढाईची तयारी. ते काम फार मोठं होतं आणि ते सावकाश झालं. पण आठवणीला सावकाश गोष्टी आवडत नाहीत. म्हणून चव्हाणांचा आपण सर्वात जास्त गौरव करतो तो त्यांनी न केलेल्या गोष्टीसाठी, आणि त्यांनी केलेली गोष्ट बाजूला राहते. मला ही त्यांच्यावर अन्याय करणारी आठवण वाटते.

एका बातमीच्या प्रत्येक घरात वेगळ्या आठवणी होतात, हे आपल्या जिल्ह्याइतकं दुसऱ्या कुणाला क्वचितच ठाऊक असेल. 30 जानेवारी 1948 बद्दल मी बोलतो आहे. गांधीजींची हत्या झाली ती दिल्लीत, सायंकाळी. माझ्या आधीच्या पिढीतली माणसं तेव्हा लहान होती. नंतरच्या दिवसांत सातारा, सांगली, कोल्हापूर भागात ब्राह्मणांची घरं जाळली गेली. एका घरातल्या मुलानं ती बातमी ‘बापू गेले’ अशी ऐकली, त्या घरात चूल पेटली नाही. दुसऱ्या घरातल्या मुलाची आठवण सुरू होते ती रात्री मागच्या दारानं बाहेर पडण्यापासून, शेजाऱ्याच्या गोठ्यात बसण्यापासून. तिसऱ्या घरातल्या मुलानं मोठी माणसं पलिते घेऊन जाताना पाहिली आणि त्याविषयी पुढं कधी चकार शब्द काढला नाही. व्यंकटेश माडगूळकरांनी ‘वावटळ’ या कादंबरीत त्या दिवसांचं चित्र मांडलं, म्हणून निदान साहित्यात तरी त्याची नोंद राहिली. गावांमध्ये मात्र त्याबद्दल गप्प राहायचं असा अलिखित करार झाला. या तीन घरांतली मुलं पुढं तीन वेगवेगळ्या पक्षांना मत देणारी झाली असतील, तर त्यांना विचारसरणीची पुस्तकं देऊन काय होणार? त्यांच्यात चर्चा व्हायची असेल तर ती त्या रात्रीपासून सुरू झाली पाहिजे. हे अवघड आहे याची मला कल्पना आहे. पण ती माणसं आता फार थोडी उरली आहेत, आणि त्यांच्यानंतर आपल्या हाती फक्त मतं राहतील, आठवणी राहणार नाहीत.

तसंच 1956. त्या शरदात जगाची बातमी कोणती होती? 29 ऑक्टोबरला सुवेझचं युद्ध सुरू झालं. 4 नोव्हेंबरला रशियन रणगाडे बुडापेस्टमध्ये शिरले. महाराष्ट्राला विचाराल तर 1 नोव्हेंबरला मुंबईसह द्विभाषिक राज्य लादलं गेलं आणि 15 नोव्हेंबरला आचार्य अत्र्यांचा दैनिक ‘मराठा’ निघाला. लहान मुलंसुद्धा संयुक्त महाराष्ट्राच्या घोषणा देत होती. आणि आपल्या गावाच्या वस्तीला विचाराल, तर 14 ऑक्टोबरला बाबासाहेबांनी नागपूरला धम्मदीक्षा घेतली, आणि दोन महिने व्हायच्या आत, 6 डिसेंबरला, ते गेले. त्यांचा देह विमानानं मुंबईला आणला, दादरच्या चौपाटीवर दुसऱ्या दिवशी अंत्यसंस्कार झाले. वस्तीतले माझे एक वर्गमित्र सांगतात की त्यांच्या वडिलांनी रेल्वेच्या तिकिटासाठी भांडी गहाण ठेवली होती. त्यांच्या घरात सुवेझ नाही, हंगेरी नाही, संयुक्त महाराष्ट्रही नाही. 1956 म्हणजे ते तिकीट. हे मित्र आणि मी एका बाकावर बसलो, एकच इतिहासाचं पुस्तक वाचलं, आणि त्यांचं वर्ष मला साठी उलटल्यावर कळलं.

तरुण मंडळी कधी कधी विचारतात, तुमची पिढी अमेरिकेबद्दल इतकी उलटसुलट का बोलते? याचं उत्तर मला फार उशिरा सापडलं, आणि ते वयाच्या दाखल्यात आहे. आपल्या एकाच पिढीच्या मनात तीन अमेरिका आहेत. जो 1962 ला कळता होता, त्याला अमेरिका म्हणजे केनेडी: संकटात शस्त्रं पाठवणारा देश. पुढल्याच वर्षी, 22 नोव्हेंबर 1963 ला, केनेडींना डलासमध्ये गोळ्या घातल्या तेव्हा आपल्याकडं रात्रीचे बारा झाले होते. गावाला सकाळी कळलं. आमच्या बाजारपेठेतल्या न्हाव्याच्या दुकानात नेहरूंच्या शेजारी केनेडींचं चित्र असलेलं कॅलेंडर टांगलं गेलं, आणि वर्ष सरल्यावरही ते कुणी उतरवलं नाही.

जो त्यानंतर चार-पाच वर्षांनी कळता झाला, त्याची अमेरिका ताटात आली. 1965 आणि 1966 अशी लागोपाठ दोन वर्षं पावसानं दगा दिला. पीएल-480 या कायद्याखाली अमेरिकेचा गहू आपल्याला मिळत होता, आणि अध्यक्ष जॉन्सन तो थोडा थोडा, महिन्याच्या हिशेबानं सोडत होते. शेतीच्या धोरणात बदल करा हा त्यांचा आग्रह होता, आणि व्हिएतनामवरची भारताची टीका त्यांना सलत होती. 1966 साली सुमारे 1 कोटी टन धान्य बाहेरून आणावं लागलं. जहाज बंदराला लागायचं आणि तेच धान्य थोड्या दिवसांत रेशनच्या दुकानात आलेलं असायचं. त्याआधी, 1965 च्या युद्धाच्या सुमारास, पंतप्रधान शास्त्रीजींनी सोमवारचं रात्रीचं जेवण सोडायला सांगितलं होतं, आणि लोकांनी ते सोडलं. आपल्याकडं सोमवारचा उपास होताच, पण तो रात्री सोडायचा असे. त्या काळात कित्येक घरांत तो सोडलाच गेला नाही. शास्त्रीजी 11 जानेवारी 1966 च्या पहाटे ताश्कंदला गेले, संक्रांत तीन दिवसांवर होती, आणि आमच्या घरी त्या वर्षी तिळगूळ झाला नाही. ज्या मुलानं हे पाहिलं, त्याच्या मनात परक्याच्या धान्यावर जगण्याची लाज कायमची बसली. मेक्सिकोहून 1966 मध्ये 18 हजार टन गव्हाचं बियाणं आलं, हरितक्रांती झाली, कोठारं भरली, तरी ती लाज गेली नाही. 1972 च्या दुष्काळात लाल मिलो ज्वारी आली आणि ती लाज पुन्हा वर आली. खुल्या बाजारपेठेविषयी, परदेशी बियाण्यांविषयी, कर्जाविषयी आपल्या पिढीतली माणसं जी टोकाची भूमिका घेतात, ती समजून घ्यायची असेल तर अर्थशास्त्राच्या आधी त्या मिलोच्या भाकरीची चव समजून घ्यावी लागेल.

तिसरी अमेरिका 1971 ची. डिसेंबरात सातव्या आरमाराची एंटरप्राइझ ही विमानवाहू नौका बंगालच्या उपसागराकडं निघाली, आणि त्याच सुमारास रशिया आपल्या पाठीशी उभा राहिला. ऑगस्टमध्ये मैत्रीचा करार झालेलाच होता. ज्याला पहिल्यांदा राजकारण कळलं ते त्या डिसेंबरात, त्याच्या लेखी प्रश्न कायमचा सुटला. रशियाविषयीचा जिव्हाळा त्याआधीही होता. 1961 मध्ये गागारिन भारतात आला, मुंबईलाही आला. ‘सोव्हिएत देश’ नियतकालिकाचा गुळगुळीत कागद आपण वह्यांना कव्हर घालायला वापरला, आणि अनिल हवालदारांनी मराठीत आणलेली रशियन मुलांची पुस्तकं आपण हातोहात वाचली. पण 1956 चा बुडापेस्ट आणि 1968 चा प्राग आपल्या आठवणीत का नाहीत, हा प्रश्न आपण स्वतःला विचारलेला नाही. रणगाडे तिथंही होते. ते आपल्या ताटापर्यंत किंवा सीमेपर्यंत आले नाहीत, एवढाच फरक.

जर्मन समाजशास्त्रज्ञ कार्ल मानहाइम यानं 1928 साली पिढी या विषयावर एक निबंध लिहिला. तारुण्याच्या उंबरठ्यावर जगाचं जे चित्र मनात बसतं, ते आपल्याला जगाचं स्वाभाविक रूप वाटू लागतं आणि पुढचे सगळे अनुभव त्याच्याशी ताडून पाहिले जातात, असं त्याचं म्हणणं. पुढं 1980 च्या दशकात अमेरिकेत शूमन आणि स्कॉट या अभ्यासकांनी वेगवेगळ्या वयाच्या लोकांना गेल्या पन्नास वर्षांतल्या महत्त्वाच्या घटना विचारल्या; माणसांनी प्रामुख्यानं आपल्या किशोरवयातल्या आणि तरुणपणातल्या घटना सांगितल्या. आपली तीन अमेरिका असलेली पिढी त्या निष्कर्षाला धरूनच आहे.

पण आठवण ही साक्षीदार म्हणून किती विश्वासाची? उलरिक नायसर नावाचे मोठे मानसशास्त्रज्ञ होते. 7 डिसेंबर 1941 ला पर्ल हार्बरवर हल्ला झाला तेव्हा ते तेरा वर्षांचे होत होते. त्यांना स्पष्ट आठवायचं, की आपण बैठकीच्या खोलीत रेडिओवर बेसबॉलचा सामना ऐकत होतो, तो मध्येच थांबवून बातमी दिली आणि आपण धावत आईला सांगायला गेलो. कित्येक वर्षांनी त्यांच्या लक्षात आलं की डिसेंबरात बेसबॉल खेळलाच जात नाही. पुढं दुसऱ्या अभ्यासकांनी दाखवलं की त्या दिवशी न्यूयॉर्कमध्ये फुटबॉलचा सामना चालू होता आणि संघांची नावं बेसबॉलच्या संघांसारखीच होती. 1986 मध्ये चॅलेंजर यान फुटलं, तेव्हा नायसर यांनी दुसऱ्याच दिवशी विद्यार्थ्यांकडून ‘बातमी कुठं आणि कशी कळली’ हे लिहून घेतलं, आणि अडीच-तीन वर्षांनी तोच प्रश्न पुन्हा विचारला. पुष्कळांनी वेगळंच सांगितलं, आणि तेही पूर्ण खात्रीनं. स्वतःच्या हस्ताक्षरातला जुना कागद समोर ठेवला तरी काहींना नवी आठवणच खरी वाटली.

आपल्याकडचं एक उदाहरण देतो, कारण ते आपल्या बांधावरच उगवलं आहे. गाजरगवत, काँग्रेस गवत, चटकचांदणी, काय म्हणाल ते. शेतकऱ्याच्या हाताला खाज आणि दम्याच्या माणसाला जीवघेणा त्रास. हे गवत पीएल-480 च्या गव्हातून आलं, हे आपल्या पिढीतला प्रत्येक जण सांगतो. मी शाळेत हे ऐकलं, भाषणांत ऐकलं. आता तारखा पाहा. हे गवत पुण्यात आढळल्याची नोंद वनस्पतिशास्त्रज्ञांनी 1955-56 च्या सुमारास केली. पीएल-480 खालचा भारताचा पहिला करार झाला तो ऑगस्ट 1956 मध्ये. अमेरिकन गहू त्याआधी 1951 च्या कर्जातूनही येत होता, त्यामुळं अमेरिकेशी या गवताचा संबंध पूर्ण पुसून टाकता येणार नाही. पण आपण ज्या गव्हावर ठपका ठेवतो, त्या गव्हाच्या आधी गवत इथं उगवलेलं होतं. मग ही गोष्ट इतकी पक्की का बसली? माझ्या मते रेशनच्या रांगेतल्या त्या लाजेला, त्या रागाला एक दिसणारी, उपटता येणारी वस्तू हवी होती. बांधावरचं गवत ती ठरलं. आठवणीत तारीख चुकली असेल, पण तिच्यात साठलेला अपमान खरा आहे. तारीख दुरुस्त करताना त्या अपमानाला खोटं ठरवू नये, आणि अपमान खरा आहे म्हणून तारीख चुकीची चालवून घेऊ नये. या दोन्ही गोष्टी एकत्र सांभाळणं आपल्याला जमलं पाहिजे.

बातमी कशी ऐकली हे जपण्याचं काम गोव्याच्या बाबतीत अधिक नीट होताना दिसतं, म्हणून त्याचा उल्लेख करतो. 25 नोव्हेंबर 1955 ला वामन सरदेसाई आणि लिबिया लोबो यांनी सीमेलगतच्या जंगलातून गोव्याच्या मुक्तीसाठी गुप्त रेडिओ सुरू केला. कोंकणी आणि पोर्तुगीज भाषांत तो रोज बोलत असे. गोवा 19 डिसेंबर 1961 ला मुक्त झाला, तेव्हा त्या दोघांनी विमानातून ध्वनिक्षेपकावर ती बातमी दिली. गोव्यातली ज्येष्ठ मंडळी याबद्दल बोलतात तेव्हा कुणाच्या घरी रेडिओ होता, आवाज किती बारीक ठेवावा लागे, पहाऱ्याला कोण उभं राहत असे, हे सगळं सांगतात. कारण ऐकण्याला धोका होता, म्हणून ऐकण्याची रीतही आठवणीत राहिली. आपल्याला धोका नव्हता, म्हणून आपण बातमी लक्षात ठेवली आणि ती कुणाच्या तोंडून, कुठं, कशी ऐकली ते विसरलो.

आज नातवंडांच्या हातात जगाची बातमी क्षणात येते. त्यांच्याविषयी माझी तक्रार नाही. ती गाझाबद्दल, युक्रेनबद्दल पोटतिडकीनं बोलतात, याचा मला आनंद आहे. वाद होतो तेव्हा मात्र आपण त्यांच्यासमोर निष्कर्ष फेकतो: चीनवर विश्वास ठेवायचा नाही, रशियाच खरा मित्र, नेहरूंनी घात केला किंवा नेहरूंनीच वाचवलं. तीही मग आपले निष्कर्ष फेकतात. दोन्हीकडून आठवण कुणीच सांगत नाही. माझ्या नातीला मी चीनविषयी पुष्कळ ऐकवलं होतं आणि ती दर वेळी उठून जायची. बुगड्यांची गोष्ट सांगितली त्या दिवशी ती बसून राहिली. तिचं मत बदललं नाही. पण तिनं पहिल्यांदा प्रश्न विचारला: पणजीला त्या परत मिळाल्या का? मिळाल्या नाहीत, असं मी सांगितलं. मग आम्ही दोघं तासभर बोललो, सरकार लोकांकडं काय मागू शकतं आणि काय नाही, यावर.

म्हणून वाचनालयाला माझी एक विनंती आहे, आणि आजचं मानधन मी त्याच कामासाठी इथं ठेवून जाणार आहे. या गावातल्या साठीपुढच्या प्रत्येक माणसाकडं तरुणांनी जावं. आधी बायकांकडं, आधी वस्तीवर, कारण पारावरची आठवण आपल्याकडं आधीच आहे. प्रत्येकाला विचारावं: जगाची किंवा देशाची पहिली कुठली बातमी तुम्हाला आठवते? ती कुणाच्या तोंडून ऐकली? तेव्हा घरात काय झालं? आणि आज त्याविषयी तुमचं मत काय आहे? चारही उत्तरं वेगवेगळी लिहावीत, एकमेकांत मिसळू देऊ नयेत. मग वाचनालयातल्या जुन्या वर्तमानपत्रांच्या फायली काढून त्या तारखेचा अंक पाहावा आणि जुळतं का ते शेजारी नोंदवावं. जुळलं नाही तर सांगणाऱ्याचं वाक्य खोडू नये. 1948 च्या आठवणी सर्वात आधी घ्याव्यात, कारण ती माणसं नव्वदीच्या आसपास आहेत. त्यांतल्या दोघांशी मी बोललो आहे. ती बोलायला तयार आहेत, पण एकट्यानं नव्हे. दोघांनी एकाच खोलीत, समोरासमोर बसून बोलायचं, असं त्यांनीच सुचवलं आहे. त्यातला एक जण त्या रात्री मागच्या दारानं बाहेर पडला होता, आणि दुसऱ्याच्या घरच्या गोठ्यात तो लपला होता. पुढच्या महिन्यात त्यांची बैठक ठरवायची आहे. त्यांचं बोलणं नोंदवायला दोन तरुण मुलं किंवा मुली हव्या आहेत, ज्यांचं हस्ताक्षर चांगलं आहे आणि ज्यांना मध्ये न बोलता ऐकून घेता येतं. व्याख्यान संपल्यावर मला भेटा.